मेल्करला टाळ्या हव्यात

सिग्ने : तारांना ताण तेवीस किलोचा की चोवीसचा, तेवढं सांग आणि माझ्या उजेडातून बाजूला हो.

मेल्कर : चोवीस. सिग्नेमावशी, मी गंमत करत नाहीये. तू या खोलीत एकतीस वर्षं खेळाडूंच्या रॅकेटला तारा लावतेस. कोण लोकांना आवडतो आणि कोण नाही, तुला माहीत असणारच.

सिग्ने : मला तारा माहीत आहेत.

मेल्कर : ताकाला जाऊन मी भांडं लपवत नाही, सरळच विचारतो. काल मी त्या डचमनला सहा-दोन, सहा-एक हरवलं. माझ्याच गावात. आणि लोकांनी टाळ्या कोणाला वाजवल्या?

सिग्ने : डचमनला.

मेल्कर : का?

सिग्ने : एवढा मार खाऊनसुद्धा जाताना हसला बिचारा.

मेल्कर : मीसुद्धा हसलो होतो.

सिग्ने : ते हसू होतं होय? मला वाटलं, तुझी दाढ दुखतेय.

मेल्कर : आणि आईनेसुद्धा वाजवल्या. त्याच्या एका ड्रॉप शॉटला. औषधांच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली आणि टाळ्या समोरच्याला. मी टॉवेल घ्यायला वळलो तेव्हा पाहिलं. वाईट वाटलं मला, मावशी. बावीस वर्षांचा घोडा आहे मी, पण अगदी लहान पोरासारखं वाईट वाटलं.

सिग्ने : मग तिला विचारायचंस.

मेल्कर : विचारलं नाही. आज सकाळी सांगितलं, आज समोर एनेको आहे, त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या असतील तर येऊच नकोस.

सिग्ने : आईला असं म्हणालास?

मेल्कर : हो.

सिग्ने : आणि अग्नेता काय म्हणाली?

मेल्कर : म्हणाली, पावावर लोणी लावू का अजून?

सिग्ने : शाळेपासून तशीच आहे ती. मनाला लागलं की समोरच्याला खायला घालते. लोणी किती लावलं?

मेल्कर : खूप.

सिग्ने : मग खूप लागलंय.

मेल्कर : तू मला अजून वाईट वाटायला लावू नकोस. एक वाजता सेमी फायनल आहे आणि समोर एनेको. छत्तीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टी, पोट सुटलेलं. सोपा चेंडू जाळ्यात घालतो आणि वर जाळ्याची माफी मागतो. आणि आख्खं गाव त्याच्यावर फिदा.

सिग्ने : मीही आहे. दरवर्षी स्पेनच्या बास्क मुलखातून माझ्यासाठी मेंढीचं चीज आणतो.

मेल्कर : ती लाच आहे.

सिग्ने : लाचच आहे. पण चवीला उत्तम.

मेल्कर : म्हणजे माणूस चुकला की लोक खूश, असंच ना?

सिग्ने : चुकण्यात काय आहे? मी रोज चुकते. माझा नवरा तर चुकायलाच जन्माला आला होता. आमच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या? एनेको चुकतो तेव्हा त्याला काय करायचं होतं ते दिसतं. पार शेवटच्या रांगेतल्यालाही दिसतं. हा चेंडू साधला असता तर काय बहार आली असती, असं वाटून माणूस हळहळतो. तू मारतोस ते बरोबर असतं. बरोबर उत्तराला मास्तर खूण करतात आणि पान उलटतात.

मेल्कर : मग मी काय, मुद्दाम चुकू?

सिग्ने : ऐक. पूर्वी एक बल्गेरियन मुलगी यायची. कोर्टवर शब्द नाही, हसू नाही. तुझ्याहून सुतकी चेहरा. तरी तिचा सामना असला की पोरं कुंपणाच्या भिंतीवर चढून बसायची.

मेल्कर : सुंदर होती?

सिग्ने : नाक बटाट्यासारखं होतं. पण चेंडू तिच्याकडे यायला निघाला की तिला आनंद व्हायचा. खांद्यांत दिसायचा तो. तुझ्याकडे चेंडू आला की तू त्याला दारावर आलेल्या विक्रेत्यासारखा वाटेला लावतोस.

मेल्कर : खांद्यांचं मला आज एक वाजेपर्यंत जमणार नाही. मी वेगळं ठरवलंय. तीन गोष्टी. एक, हसायचं.

सिग्ने : दात सगळे दाखवू नकोस.

मेल्कर : दोन, पंचांना विनोद सांगायचा. तीन, ठसा पुसायचा.

सिग्ने : कसला ठसा?

मेल्कर : चेंडूचा, मातीवरचा. एनेकोचा एखादा चेंडू माझ्या बाजूला रेषेजवळ पडेल, पंच म्हणतील बाहेर. मी जाणार, ठसा बघणार, मान हलवणार आणि बुटाने पुसून टाकणार. म्हणजे चेंडू आत होता, पॉइंट तुझा. एनेकोने गेल्या वर्षी दोनदा असे पॉइंट सोडले, तर लोक उभे राहिले होते.

सिग्ने : ते चेंडू खरोखर आत होते, मेल्कर.

मेल्कर : मी सोडेन तो नसेल. तेवढाच फरक. आणि चाळीस-शून्य असताना करणार, म्हणजे परवडेल.

सिग्ने : परवडेल तेव्हाचा चांगुलपणा.

मेल्कर : चुकीचं आहे का?

सिग्ने : चुकीचं आहे, खोटं आहे आणि मूर्खपणाचं आहे. जरूर कर. तू खेळायला लागल्यापासून या स्पर्धेत मला हसायला मिळालेलं नाही.

(चार वाजता. तीच खोली. मेल्कर मोज्यांपासून केसांपर्यंत लाल मातीने माखलेला.)

सिग्ने : बस. त्या खुर्चीवर नको, ती पांढरी आहे.

मेल्कर : पाहिलंस?

सिग्ने : कुठून पाहणार? आज तारांतून सुटका नव्हती, आणि या खिडकीतून फक्त खेळाडूंचे पाय दिसतात. मधेच सगळे खो-खो हसताना ऐकू आले. काय केलंस?

मेल्कर : आधी हसलो. पहिल्या रांगेतली एक छोटी मुलगी रडायला लागली.

सिग्ने : तेही ऐकू आलं. आणि विनोद?

मेल्कर : पंचांना म्हटलं, तुमची खुर्ची एवढी उंच, वर हवा कशी आहे?

सिग्ने : मग?

मेल्कर : त्यांनी सांगितली. वारा पश्चिमेचा, पावसाची शक्यता नाही.

सिग्ने : चांगला माणूस. आणि तो ठसा?

मेल्कर : दुसरा सेट. माझी सर्व्हिस, चाळीस-शून्य. एनेकोचा चेंडू रेषेजवळ पडला, पंच म्हणाले बाहेर. मी ऐटीत गेलो. वाकलो, मान हलवली, ठसा पुसला. टाळ्यांचा कडकडाट. अख्खं गाव, मावशी. इतकं छान वाटलं की काय सांगू.

सिग्ने : आणि?

मेल्कर : एनेको जाळ्यापाशी आला आणि म्हणाला, बाळा, तू पुसलास तो मघाचा, जुना ठसा. माझा चेंडू तिकडे पडला, वीतभर बाहेर.

सिग्ने : म्हणजे जगातला सगळ्यात मोठ्या मनाचा माणूस, आणि त्याला चेंडू कुठे पडला तेच माहीत नाही.

मेल्कर : मी म्हटलं, आत होता. तो म्हणाला, बाहेर. मी म्हटलं, घे ना पॉइंट. तो म्हणाला, मला नको, तूच घे. शेवटी पंच खाली उतरले. वाकून पाहिलं, परत वर चढले आणि माईकवर म्हणाले, चेंडू बाहेर. गेम मेल्कर, त्यांची इच्छा नसतानाही.

सिग्ने : थांब, मला बसू दे.

मेल्कर : तू पांढऱ्या खुर्चीवर बसलीस.

सिग्ने : माझी खुर्ची आहे. पुढे सांग.

मेल्कर : धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिने घेतलं नाही, म्हणून मीच खाली मातीत बसलो. आणि मलाच हसू फुटलं. थांबेचना. पंचांनी वेळेबद्दल ताकीद दिली तरी थांबेना. त्यानंतर आपण कसे दिसतोय हे पार विसरलो. धावलो, पडलो. एक चेंडू पालथा पडून मारला आणि तो आत गेला, तेव्हा जे ओरडलो ते तुझ्यासमोर सांगता येणार नाही.

सिग्ने : ते ऐकू आलं. समुद्रापर्यंत गेलं असेल.

मेल्कर : मजा आली, मावशी. खरंच सांगतो. शेवटच्या गेममध्ये मॅच पॉइंटवर डबल फॉल्ट केला, तर सगळे एकदम कण्हले. माझ्यासाठी.

सिग्ने : हरलास तर.

मेल्कर : तिसरा सेट सात-पाच. जाताना लोक उभे राहिले. एनेको म्हणाला, हे माझ्यासाठी नाही, मागे बघ.

सिग्ने : मग हवं ते मिळालं की. आता घोडं कुठे पेंड खातंय?

मेल्कर : मागे बघितलं मी. आईची जागा रिकामी होती. मीच म्हटलं होतं ना, येऊ नकोस.

अग्नेता : आत येऊ का?

सिग्ने : ये, अग्नेता. तुझ्या मुलाला हात लावू नकोस फक्त, माती आहे.

अग्नेता : मी आले होते, मेल्कर. पलीकडे, स्ट्रॉबेरीच्या टपरीशेजारी बसले होते. तिथून तुला दिसले नसते.

मेल्कर : आलीस? मग एनेकोला टाळ्या वाजवल्यास?

अग्नेता : दोनदा. छान खेळतो तो.

मेल्कर : आणि मला?

अग्नेता : नाही.

सिग्ने : एखादं खोटं बोललीस तर जीभ झडणार नाही तुझी.

अग्नेता : कशाला बोलू? एनेको हरला तर मी घरी जाऊन शांतपणे बटाटे उकडीन. हा उभा राहिला की मला बघवत नाही. सहा वर्षांचा असल्यापासून बघवत नाही. चेंडू याच्याकडे निघाला की मी डोळ्यांवर हात घेते.

मेल्कर : सतत?

अग्नेता : नाही रे. चेंडू पलीकडे गेला की काढते. परत आला की झाकते.

मेल्कर : म्हणजे सोळा वर्षं तू माझा अर्धाच सामना बघतेस? आणि तोही समोरच्याचा?

अग्नेता : समोरचे बरेच जण छान खेळतात.

सिग्ने : अगं, मग टाळ्या त्यांनाच जाणार.

मेल्कर : आई, म्हणजे तू मला कधी खेळताना पाहिलंच नाहीस?

अग्नेता : आज पाहिलं. सगळे हसायला लागले म्हणून बोटांतून बघितलं, तर तू मातीत बसला होतास. तिथून पुढे हात खालीच राहिले. डबल फॉल्टसुद्धा पाहिला.

मेल्कर : आणि तरी एक टाळी नाही?

अग्नेता : पहिल्यांदाच बघत होते रे. टाळ्या वाजवायचं सुचलंच नाही.