मागच्या महिन्याची तारीख

सलीमचं कासुर्डीचं झेरॉक्सचं दुकान आठवतंय ना? नेटवर्किंगच्या परीक्षेसाठी सरावाचं सॉफ्टवेअर विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. मग फुकटची तीस दिवसांची ट्रायल घेतली, आन् ती संपत आली की दुकानातल्या कॉम्प्युटरची तारीख महिनाभर मागं न्यायचो.

एकदा गावातल्या आप्पांनी त्यावरच ऊस नोंदणीचा अर्ज छापून घेतला. तारीख आली मागच्या महिन्याची. साखर कारखान्यात नोंद जितकी जुनी, तितकी ऊसतोड लवकर.

सलीम घाबरला. "आप्पा, दुसरा देतो. आमच्या अभ्यासापायी तारीख मागं नेली होती."

आप्पांनी कागद घडी करून खिशात घातला.

"अभ्यास कवा संपणार?"

"दोन महिन्यांत."

"घाई करू नका," आप्पा म्हणाले. "भावकीचे अर्ज अजून बाकी हायेत."