मंजुळाबाईचं पोर

—नाही बाई, तसं नाही, त्या गाडीवाल्याचं काही धरू नका. नरडाणा स्टेशनापासून इथपर्यंत त्यानं तुम्हाला काय काय ऐकवलं असेल ते मला न सांगताच कळतंय. वनाच होता ना गाडीवर? मग झालं. 'तिले पोऱ्या नही, तो मंजुळाबाईना शे' — असंच म्हणाला ना, मला पोरच नाही म्हणून? म्हणणारच. आणि विहिरीवरच्या बायांना विचारलंत? त्याही तेच म्हणाल्या? पाटीलसुद्धा? बघा, बठ्ठा गाव एका तोंडानं बोलतो! एरवी पोळ्याला कुणाचा बैल पुढं यावरून इथं डोकी फुटतात, पण या एका गोष्टीत सगळ्यांचं कसं सूत जुळलंय. बसा ना, उभ्या का? घोंगडी आत्ताच झटकलीय. पाणी घ्या आधी. माझं माहेर धुळ्याचं, म्हणून तुमच्यासारखं थोडंफार बोलता येतं मला, मधेच आमच्याकडचं काही निघालं तर विचारा. त्या पोरांच्या आश्रमातून, मुंबईहून, कुणीतरी इतक्या लांब चौकशीला आलं — आमच्या ह्यांनी किती हेलपाटे घातले, तुमच्या फाटकातल्या शिपायानं दर वेळी हाकलून लावलं — आज तुमच्या पायानं देव आला म्हणायचं.

आता खरं सांगते. गाव खोटं बोलला नाही तुमच्याशी. — नाही, खरंही नाही बोलला. कसं सांगावं बाई? तुमच्याकडं पोर सुपात घालत नाहीत का? नाही? मग तुमच्याकडं पोरं जगत असतील आपली आपण. माझी चार गेली. एक तर पाचवी पुजायच्या आत गेलं, तोंडसुद्धा नीट पाहिलं नाही मी त्याचं. मग पाचव्या वेळी सासूनं ठरवलं, हे आपलं म्हणायचंच नाही. काळाला घर माहीत झालंय, पण घरात पोरच नाही म्हटल्यावर तो उचलणार काय? नाळ कापली की लगेच सुपात जोंधळ्यावर ठेवलं, आणि सूप ओढत ओढत मागच्या दारानं मंजुळाबाईच्या अंगणात नेलं. शेजारीण आमची. तिची एवढी पोरं, आणि सगळीच्या सगळी जगलेली, काळ तिच्या दाराकडं फिरकतच नाही असं गाव म्हणायचा. तिनं सुपातून उचललं, छातीशी धरलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, 'हाऊ पोऱ्या मना शे!' मग सासूनं तिच्याकडून मूठभर जोंधळ्याला ते विकत घेतलं — अहो, विकत म्हणजे तसं विकत नाही! तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. मूठभर जोंधळ्याला कुणी पोर विकतं का? रीत आहे ती. सुपात घातलं म्हणून नाव सुपडू. या गावात शोधलात तर दारोदार सुपडू निघतील, कुणी उकिर्डा, कुणी भिका, आणि सगळे आपापल्या आईचेच.

त्या दिवसापासून मी त्याला माझं म्हटलं नाही. नवऱ्याचं नाव घेत नाही ना आपण, तसंच हेही. कुणी विचारलं, कुणाचं गं — मंजुळाबाईचं. तू कोण — मी नुसती सांभाळते. बारसं नाही, घुगऱ्या वाटल्या नाहीत, नवं कापड नाही, दारोदार मागून आणलेल्या चिंध्यांचीच अंगडी. अंगावर पाजू दिलं नाही मला, सासू म्हणाली, चौघांना तेच दूध पाजलंस, काय झालं? मंजुळाबाईच पाजायची. माझं दूध आटवायला मोगऱ्याची फुलं बांधली होती छातीला, ते ठणकणं मी कुणाला सांगावं? तुमच्या आश्रमातल्या डॉक्टरीणबाईनं तपासलं मला आणि मान हलवली, हिला दूध नाही म्हणाली. कुठून असणार? आणि गावाचं म्हणाल, तर गाव माझ्यासाठीच बोलतो हो. पाटील आमचा चुलत सासरा, कुणी परकं माणूस गावात आलं आणि त्यानं पोराचं विचारलं की पाटलानं आधी हेच सांगायचं. वना काही दुष्ट नाही. मी चार वेळा पोर पुरायला त्या ओढ्याकाठी गेलेली बठ्ठ्यांनी पाहिलीय. माया आहे म्हणून खोटं बोलतात.

मुंबईला कशाला गेलात म्हणता? मलाही तेच वाटतं, कशाला गेलो! ह्यांचा तो दोस्त तोताराम, तिकडं गिरणीत असतो, लग्नाला आला होता गावी. म्हणाला, वैशाखात शेतात काय काम आहे, चला, मुंबई दाखवतो, समुद्र दाखवतो. मी नको म्हणत होते. पण ह्यांची हौस वेगळीच होती, बाई. पोर बसायला लागलं, हसायला लागलं, बापाला बघून हात उडवायला लागलं, आणि या माणसाला गावात त्याला कडेवर घ्यायची चोरी! मंजुळाबाईचं पोर ना ते, मग ह्यांनी कशाला मिरवायचं? मला म्हणाले, तिथं आपल्याला कोण ओळखतं, चार दिवस आपण आपल्या पोराचे आईबाप होऊ. मी तोंडावर हातच ठेवला त्यांच्या. जळगावला गाडी बदलली आणि जसजसा गाव मागं पडला तसतसा हा माणूस खुलत गेला, खांद्यावर घेतलं, डब्यातल्या माणसांना दाखवलं. समुद्रावर तर त्याचे पाय पाण्यात बुडवून लहान पोरासारखे हसत होते. मी एवढं हसताना त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं. मला बाई भीतीच वाटत होती, दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आणि तिसऱ्या दिवशी ती राणीची बाग. हे आणि तोताराम हत्ती बघायला पुढं गेले, मी झाडाखाली बसून पोराला बोंडल्यानं दूध पाजत होते. तेवढ्यात एक छत्रीवाली बाई आली, चांगल्या घरची, तुमच्यासारखीच. वाकून बघितलं आणि म्हणाली, अगबाई, काय गोड पोर आहे, काय डोळे आहेत, कुणाचं गं हे? इतकं कौतुक, तेही भर उन्हात, परक्या बाईनं! मी पदराखाली ओढलं आणि शिकवलेलं बोलले — कुणाचं असणार, उकिरड्यावर सापडलं. आमच्याकडं असं म्हटलं की समोरची बाई समजते, हसते, बोटं मोडते आणि जाते. ती कुठली जातेय! तिचा चेहराच उतरला. आई कुठाय म्हणाली. गावी आहे म्हटलं. मग तू कोण? मी नुसती सांभाळते. कपडे असे का? मागून आणलेत. एकेक उत्तर सासूनं घोकून घेतलेलं, एकही चुकलं नाही माझं. आणि तिनं शिपायाला हाक मारली.

चौकीत मला एका खोलीत घेतलं, ह्यांना दुसऱ्या. मी मनात म्हणत होते, हे तरी काही वेगळं सांगतील, बाप आहे म्हणतील. पण पोलिसाच्या टोपीचा माणूस दिसला, दरडावून विचारलं, मूल तुझं का — तर हेही म्हणाले, नाही साहेब, मंजुळाबाईचं आहे, आम्ही मूठभर जोंधळ्याला घेतलं. अंगवळणीच पडलेलं ना! खोटं बोलणाऱ्या दोघांचं कधी जुळत नाही म्हणतात, आमचं अगदी अक्षराला अक्षर जुळलं. पोरं पळवणारी टोळी समजले आम्हाला. तोतारामनं हातापाया पडून आम्हाला सोडवलं, पण पोर तुमच्याकडं. तुमच्या फाटकाशी मग ह्यांनी टाहो फोडला, माझा आहे, माझं रक्त आहे म्हणाले, छाती बडवली. शिपायानं माझ्याकडं बघितलं. बाई, तू सांग, म्हणाला.

मी? — मी काही बोलले नाही. कसं बोलू? ह्यांच्या तोंडातून ते 'माझा' निघालं आणि मला वाटलं, संपलं, ऐकलं काळानं, आता रात्रीतून येईल. मी म्हटलं, मी गप्प राहिले तर निदान निम्मं खोटं तरी टिकेल. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात, उठतात, शेतात जातात. आत्ताही कापूस वेचणीला गेलेत, दिवस कलला की येतील. मला इतकंच म्हणाले होते, तुझ्या एका शब्दानं पोर हातात आलं असतं.

मंजुळाबाई? तिच्याकडं गेलात तुम्ही? मग कळलंच असेल. भादव्यात हिवतापानं गेली. हो ना, काळ तिच्या दाराकडं फिरकत नाही म्हणायचे. शेवटी शेवटी मला म्हणत होती, मले मुंबईले ली चाल, मी सांगस त्यास्ले, पोऱ्या तुना शे. न्यायची कशी, उठवत नव्हतं तिला. आता तुमच्या लेखी त्याची आई मेली, म्हणजे ते अनाथ, हो ना? कुणी न्यायला तयार आहे का त्याला? — डॉक्टर आहेत? दोघंही? मूल नाही त्यांना. चांगले असतील. तुमच्या तोंडावरूनच दिसतंय चांगले आहेत ते.

काय म्हणालात? पुन्हा सांगा. — माझ्यावर विश्वास ठेवता? गाव काहीही म्हणो, पाटील काहीही म्हणो? मी या देव्हाऱ्यावर हात ठेवून एकदा म्हणायचं, पोर माझं आहे, आणि तुम्ही आणून देता? बाई... तुमचे पाय धरते, थांबा, मला जरा श्वास घेऊ द्या. एवढंच? एवढं एकच वाक्य? मी म्हणते. म्हणते ना. हात धुते आधी, पिठाचे आहेत. ह्यांना बोलवायला पाठवू का कुणाला? नको, मीच म्हणते. मला एवढं सांगा आधी, कसा आहे तो? अंग धरलंय? दात आले का?

ताप आला होता? कधी? श्रावणात? मग? — उतरला? आपला आपण उतरला? नाही, मी ऐकतेय, तुम्ही सांगा. माझ्या घरात आलेला ताप कधी उतरून गेला नाही, म्हणून विचारते. आणि आता? पलंगाचा गज धरून... उभा राहतो? एकटा? पाऊलही टाकतो?

बाई, माझ्या चौघांतलं एकही उभं राहिलं नाही. फार तर रांगेपर्यंत यायचं. धाकटी तर भिंतीपर्यंत पोचली होती, हात भिंतीला लावला होता तिनं.

उभा राहतो म्हणता.

नाही, रडत नाही मी. चुलीचा धूर आहे. — हात धुतले, हो. पण तुम्ही तो देव्हारा राहू द्या. त्याला नेणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईला सांगा, झोपताना त्याला पालथं झोपायची सवय आहे, सरळ करू नका म्हणावं. नाव काय ठेवलंय त्याचं? नको, सांगू नका, मला नको ते. मी सांगते ते तुम्ही ऐका आणि तिथं जाऊन तसंच्या तसं सांगा. वना बरोबर बोलला. विहिरीवरच्या बाया बरोबर बोलल्या. ते पोर माझं नाही. मंजुळाबाईचं होतं, ती मेली. मी नुसती सांभाळत होते. — आत्ता इतका वेळ बोलले ते? ते सोडून द्या, मूल नसलेल्या बाईचं काय ऐकता तुम्ही? डोक्यावर परिणाम होतो अशा बायांच्या.

हात सोडा माझा. उठा, बाई, उन्हं उतरली. हे येतील आता, आणि ते आले तर माझं माझं करतील, पाय धरतील तुमचे, आणि तुम्ही मऊ मनाच्या आहात, ऐकाल. त्यांच्या नजरेला पडू नका. वनाला म्हणावं, पांदीनं नको, हे त्याच वाटेनं शेतातून येतात, ओढ्याच्या अंगानं गाडी घे. जा ना. जा म्हणते ना!