रेडिओ सगळ्यात वर

— नको, नवीन नको करूस पोरी. तू काय म्हणतेस ते कळलं मला, या लॅपटॉपवर नवं नाव घालायचं, नवा पासवर्ड घालायचा, आणि पडद्यावरची चित्रांची पट्टी हवी तशी लावून द्यायची. चित्रं तेवढी सांगा म्हणतेस. सांगतो की, मला ओळ पाठ आहे. पट्टी डाव्या कडेला, उभी. खाली आडवी नाही. माझ्या लेकीला, झुनिल्दाला उभीच लागते, म्हणते खाली ठेवली की जागा खाते. तिच्या आईला आडवी हवी असायची, चांगली ठसठशीत — माझी देल्फिना म्हणायची, उभी पट्टी म्हणजे दाराच्या फटीतून जग बघणं. मला विचारलंस तर मी जोडे शिवणारा माणूस, मला वाटतं जे रोज लागतं ते उजव्या हाताशी पाहिजे. तुझं हे फोन दुरुस्तीचं दुकान, तसं माझं जोड्यांचं; तिथं भिंतीवर चामड्याची पट्टी ठोकलेली आहे, तिच्यात आरी, रापी, दाभण, हातोडी — डोळे मिटून हात घातला तर आरीच यायला पाहिजे. तुझ्या बापाचे बूट तिथंच शिवलेत मी, विचार त्याला. पण माझ्या आवडीचं राहू दे. तर उभी पट्टी. सगळ्यात वर रेडिओ. लाल रंगाचा, त्याच्यावर दोन पांढऱ्या रेघा. त्याच्याखाली पाकीट. मग नकाशा, तो ब्युनोस आयर्सच्या बसगाड्यांचा. मग कात्री, कपडे बेतायची. मग चंद्र. चंद्र कशाचा ते राहू दे. पण रेडिओ सगळ्यात वर, एवढं नक्की.

हसलीस. बरोबर आहे, मी या पिलार गावातून कुठं जाणार आहे ब्युनोस आयर्सची बस पकडून. नाही, कपडेही बेतत नाही. रेडिओसुद्धा नाही ऐकत मी याच्यावर — रेडिओ माझ्याकडं खराखुरा आहे, सेलवर चालणारा, त्याला काही विचारावं लागत नाही. मग मी यातलं काय वापरतो? काहीच नाही. सकाळी उघडतो, पट्टी बघतो, संध्याकाळी परत उघडतो, परत पट्टी बघतो, आणि मिटतो. हे घे, तेरेरेचा गार घोट घे, बर्फ आहे अजून त्यात. म्हातारा चळला असं वाटलं ना तुला? वाटू दे. पण तू लावलेली चित्रं नकोत मला. का म्हणशील, तर ती हलणार नाहीत. तू जिथं ठेवशील तिथंच राहतील जन्मभर. मला हलणारी पाहिजेत.

सांगतो. हे यंत्र झुनिल्दाचं, ती शिक्षिकेचं शिकत होती तेव्हाचं. नदीपलीकडं ब्युनोस आयर्सला गेली कामाला तेव्हा आईला ठेवून गेली, तिथं तिनं दुसरं घेतलं. आत शिरायचं नाव एकच ठेवलं दोन्हीकडं, तिचंच, म्हणजे तिकडचे फोटो आईला इकडं दिसावेत. त्यामुळं झालं काय, की इकडं चित्र हलवलं की तिकडं हलायचं. पट्टी एकच, घरं दोन. आता देल्फिनाला पहाटेचं गाणं लागायचं, म्हणून तिनं रेडिओ ओढून सगळ्यात वर नेला. तासाभरात फोन — आई, माझी पट्टी का विस्कटलीस, मला सकाळी घाईत पाकीट सापडत नाही. आणि रेडिओ परत सगळ्यात खाली. दुसऱ्या दिवशी देल्फिनानं परत वर नेला. परत फोन. मला वाटायचं, बाईला कळत कसं नाही, पोरगी चिडते. एकदा म्हणालो तसं. तर माझ्याकडं बघून म्हणाली, "अहो, शहाणे कधी होणार तुम्ही? नुसती बरी आहेस का विचारायला फोन केला तर दोन शब्दांत ठेवते. भांडायला स्वतः करते, अर्धा तास बोलते." म्हणजे बघ. मुद्दाम करायची. रेडिओ वर सरकवायचा आणि फोनजवळ मंडिओकाचे कंद सोलत बसायचं.

मग देल्फिना गेली. तुला ठाऊक आहे, तूही होतीस की मातीला. नदी चढलेली होती, तराफा बंद. आणि जानेवारीचं, ऐन उन्हाळ्याचं ऊन — पाद्रीबाबा म्हणाले थांबता येणार नाही, सगळे तेच म्हणाले, आणि खरंच होतं ते. झुनिल्दा पलीकडच्या काठापर्यंत आली होती. रात्रभर बसनं आली होती. तिथून फोन केला तिनं. म्हणाली, "बाबा, मला आपल्या चर्चचा मनोरा दिसतोय." मी म्हटलं, बाळ, पाणी फार आहे, तू सावलीत बस. ती म्हणाली, मी पोचले नाही. एवढंच, मी पोचले नाही, मी पोचले नाही — आणि ठेवला. तिथूनच मागं फिरली. त्यानंतर नाही आवाज ऐकला मी तिचा. फोन लावला की वाजतो, वाजतो आणि थांबतो. आवाज भरून पाठवला तर त्या खुणा निळ्या होत नाहीत. लिहायचं म्हटलं तर माझी अक्षरं म्हणजे कोंबडी चिखलातून गेलेली, दुसरीत शाळा सुटली माझी. तिला वाटत असेल बाप रागावला. मी कधी रागावलोय कुणावर? नदीवर कोण रागावतं?

म्हणून मग मी पट्टी धरली. देल्फिनाचीच युक्ती. मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र उघडलं आणि रेडिओ सगळ्यात वर नेला. दोनदा मध्येच सुटला. आणि फोनजवळ बसलो. म्हटलं चिडेल, ओरडेल, ओरडू दे, पण करेल. फोन नाही आला. पण संध्याकाळी बघतो तर रेडिओ सगळ्यात खाली. तिनं केलं. म्हणजे आहे, हात हलतोय, जेवते-खाते, घाईत पाकीट शोधते. मला तेवढंही पुष्कळ झालं. मग रोजचंच ते. सकाळी मी वर, संध्याकाळी ती खाली. असे किती महिने गेले. मध्ये नकाशा आला पट्टीत — म्हटलं काम बदललं, लांब जावं लागतंय बसनं. कात्री आली — म्हटलं शिवणकाम घेतलं, आईचा हात आहे तिला. आणि मग एके दिवशी चंद्र.

चंद्र कशाचा म्हणून मी उघडला. हे कुणाला सांगू नकोस, तुझ्या बापालासुद्धा नको. पावसाचा आवाज येतो त्यातून, आणि एक बाई नुसतं गुणगुणते. मला वाटलं झोप येत नसेल पोरीला. पण खाली चित्र होतं, पाळण्याचं. लहान मुलांना निजवायचं आहे ते. — हो. तसंच असणार ना? दुसरं काय असणार? मुलगा का मुलगी ते चंद्रावरून कळत नाही. मी रोज दुपारी लावतो ते गाणं. मलाच झोप लागते, काय सांगू.

आणि गेल्या आठवड्यात उघडलं तर पट्टीतून रेडिओ गायब. खाली नाही, वर नाही, कुठंच नाही. मला वाटलं यंत्रच बिघडलं, शोधून शोधून परत आणून ठेवला वर. दुसऱ्या दिवशी उघडतो तर हे असं — पट्टीच नाही, कोरा पडदा, आणि पासवर्ड विचारतंय. कधी विचारला नव्हता. काहीतरी नवीन घेतलं असेल त्यानं आपोआप, नाही का? तू जाणकार आहेस. आपोआप होतं ना असं?

का गं? मान का हलवतेस?

तिकडून बदलला. म्हणजे कुणी? — म्हणजे तिनंच.

नाही, यंत्र चुकलं असेल. बघ परत. तुझ्या पाया पडतो, परत बघ... बरं. बरं, दिसतंय मला, पासवर्ड बदलल्याची तारीखच लिहिलेली आहे. तिनं दार लावून घेतलं. स्वतः उठून लावलं. मी काय एवढं केलं? रोज सकाळी रेडिओ तर वर नेत होतो. तिच्या आईसारखा, अगदी तिच्या आईसारखा, तिच्याच वेळेला —

थांब जरा. थांब.

आईला माती दिली. ही तिथं परत पोचली. दुसऱ्या दिवशी कामाला जायचं म्हणून यंत्र उघडलं असेल. आणि आईचा रेडिओ सगळ्यात वर. जसा आई न्यायची तसा. अगं, काय वाटलं असेल तिला? पहिल्यांदा काय वाटलं असेल? आणि मग कळलं असेल, बाबा करताहेत. रोज सकाळी बाबा आईला समोर आणून ठेवताहेत. ही बघ तुझी आई, तू नाही आलीस, ही बघ. मी म्हणत होतो फोन कर. ती काय वाचत होती? रोज, पोरी. पोटुशी असताना, मग लेकरू मांडीवर घेऊन. सकाळी उघडायचं तर हे. देवा. आणि शेवटी तिनं रेडिओच काढून टाकला, तर मी शोधून परत ठेवला वर.

आता कसं सांगू तिला? तू सांग, तू शिकलीस. तिला कसं कळेल की मी नुसतं भांडायला बोलावत होतो?

काय? एक वाट आहे? सांग. — तिच्या फोनवर प्रश्न जाईल. इथून कुणीतरी आत यायला बघतंय, तुम्ही ओळखता का, हो की नाही. गावाचं नाव दिसेल? पिलार दिसेल. मग माझं नाव कशाला पाहिजे, पिलारमध्ये तिचं दुसरं आहे कोण. आणि नाही म्हणाली तर? तर कायमचं बंद. ना चंद्र, ना नकाशा, काहीच नाही. मग मला कळणारसुद्धा नाही ती कुठं राहायला गेली, लेकरू चालायला लागलं का —

पाठव. नाही, थांब. लेकरू निजलं असेल, ती आत्ता जरा टेकली असेल. फोन वाजला तर उठेल ते. तू तिच्या वयाची आहेस, तुला या वेळेला कुणी विचारलं तर तू काय म्हणशील? सांगू नकोस. पाठव. नाही म्हणाली तर म्हणू दे. तिच्या बोटानं म्हणेल, माझ्याकडं येईल ते. पाठव म्हटलं ना.

गेलं? हे असं गोल गोल किती वेळ फिरतं? ... तू तेरेरे प्यायलीच नाहीस. बर्फ विरघळला सगळा. देल्फिना असती तर म्हणाली असती, तुम्हाला साधं भांडताही येत नाही. खरंच आहे. मी बोलत नाही फारसा, तुलाही आश्चर्य वाटलं असेल आज. चामड्याशी काय बोलायचं असतं? ते दाखवतं कुठं फाटलंय, आपण शिवायचं. माणसांनी दाखवलं तर बरं होईल. अजून फिरतंय. तिनं बघितलंच नसेल. किंवा बघून —

उघडलं. ए, उघडलं. हो म्हणाली ती?

म्हणाली. हो म्हणाली.

चष्मा... हा इथंच आहे कपाळावर. सरक जरा. पाकीट. नकाशा. कात्री. चंद्र. आहे, चंद्र आहे. रेडिओ नाहीये. — नको, घालू नकोस. हात काढ. तिनं काढलाय ना, मग नको. घर तिचं आहे, तिनं दार उघडलं एवढं पुरे, मी आत जाऊन भांडी हलवणार नाही आता. नुसता उंबऱ्यावर बसेन. तू जा, ती बाई कधीची उभी आहे, तिचा फोन घे बघायला. जा. माझं झालं. मी इथं असाच जरा —

अगं.

तू लावलास? नाही, तू तर तिकडं उभी आहेस. मी नाही लावला, हे बघ, माझे दोन्ही हात मांडीवर आहेत.

लाल. दोन रेघांचा. सगळ्यात वर.

शू. बोलू नकोस.