स्क्रीन ‘जी साब’ म्हणेना

कॉम्प्युटरवरचं लिनक्स सोपं असतं म्हणणाऱ्यांनी माझे विद्यार्थी, कुंडलचे सुभेदार आबा बघायला हवे होते. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते तासगावात माझ्या कॉम्प्युटर क्लासला यायचे. पहिल्याच दिवशी मी त्यांना एक फाईल डिलीट करायची कमांड टाइप करायला लावली आणि जरा बाहेर गेलो. परत येतो तर माझ्या वर्षभराच्या सगळ्या नोट्स साफ.

“आबा, हे काय केलंत?”

“आवं सर, हुकूम दिला तर ‘जी साब’ म्हणंना. ऐकतोय का न्हाई बघाया एकेक फाईल उडवाया सांगत गेलो.”

“काम झालं की कॉम्प्युटर गप्प बसतो, आबा. चुकलं तरच बोलतो.”

आबा ताडकन उभे राहिले. “सव्वीस वर्षांत असला जवान गावला न्हाई,” म्हणत त्यांनी स्क्रीनला सलाम ठोकला.