ताठ मानेचा स्लॅब

(सन १९७२. मुळा नदीकाठच्या एका गावात सोसायटीचं नवं गोदाम, वरचा मजला. स्लॅबच्या भारचाचणीचा दुसरा दिवस. इंजिनिअर शामकांत, चेअरमन आप्पासाहेब आणि पोती वाहणारी गोजरबाई.)

शामकांत : एकेक क्विंटल वाळूची दीडशे पोती, कालपासून रचलेली. आणि स्लॅब केसभरही वाकला नाही? आप्पासाहेब, असला स्लॅब मी अख्ख्या नगर जिल्ह्यात पाहिला नाही!

आप्पासाहेब : मग! आमच्या कामात हयगय नसती. करा सही. उद्या धान्याचे ट्रक येत्यात, समदं हितंच वर ठिवायचंय.

शामकांत : आणि खाली?

आप्पासाहेब : रेशनची रांग. लोकांना उन्हात कशाला उभं करायचं?

शामकांत : काय ही माया! अहो, चांगला स्लॅबसुद्धा एवढ्या भाराखाली सूतभर तरी वाकतो. तुमच्याची मान मात्र ताठ.

आप्पासाहेब : वाकला न्हाई, त्यो बी गुन्हा का? पुढची पोती चाचपलीत की. वाळूच हाय.

शामकांत : मधली राहिली.

आप्पासाहेब : ती हलवायला दोन गडी लागत्यात. ए गोजरे, साहेबांना च्या आन.

गोजरबाई : आनते. मग घरी जाऊ द्या. गाय तीन दिस झालं बसलीया, उठंना.

आप्पासाहेब : उठंना न्हवं? मग पळून कुठं चाललीय?

गोजरबाई : व्हय, त्ये बी खरंच. थांबा, एवढं मधलं पोतं बाजूला करते.

शामकांत : अहो बाई, जपून! ...एका हातानं?

गोजरबाई : दुस्काळात वाळूबी रोडावली आसंल, साहेब.

शामकांत : रोडावली कुठं, चांगली गुबगुबीत दिसतेय. आप्पासाहेब, शिवणीतून हे काय डोकावतंय?

आप्पासाहेब : त्ये... वाळू जरा कमी पडली, म्हून मदी थोडा भुसा...

शामकांत : नदीत थेंब नाही, नुसती वाळूच वाळू. आणि तुम्हाला वाळू कमी पडली!

गोजरबाई : आन भुसा गावला! परवा गाईसाठी ह्यांच्या दारात पदर पसरला, साहेब. म्हनले, गावात काडी न्हाई. रडत माघारी आले मी.

आप्पासाहेब : तुला ठावं हुतं, तर काल वाहताना का न्हाई बोललीस?

गोजरबाई : काल साहेब न्हवते.

शामकांत : सही होणार नाही. खरी वाळू भरा. पुन्हा चोवीस तास, आणि मी इथून हलत नाही.

आप्पासाहेब : आन तवर धान्य कुठं ठिवू? तुमच्या डोक्यावर?

शामकांत : खाली, जमिनीवर. जमीन तुम्ही बांधलेली नाही, ती पेलेल.

आप्पासाहेब : गोजरे! पोतं घिऊन कुठं निघालीस?

गोजरबाई : गाईकडं. साहेब, कागदावर एक कमी लिवा. आन बाकीची मोजूच नका, वाटंनं गावाला भुशाचं सांगत जानार हाय मी.