काचेची बाटली

...आणि तो दुकानदार मलाच म्हणतो, "आजी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मला? तुम्हाला सांगते, शाळेची पायरी चढले नाय मी, सुकटीच्या पुड्यांचे कागद जोडून जोडून अक्षरं शिकले, पण छापलेलं दिसलं की सोडत नाय. वाचते मी! पेणच्या त्या दुकानात एकेक बाटली उलटी करून बुडाखालचा आकडा वाचला, प्लास्टिकात कढत दूध ओतलं की त्यातलं विष दुधात उतरतं, ओरखडे पडले असतील तर जास्तच, हे त्यालाच शिकवलं, मागे माणसं खोळंबली, खोळंबू देत, नात माझी हाय, चार महिन्यांची, सून पिंकी रामवाडीला कामावर जाते म्हणून पावडरचं दूध, मग बाटली नको बघून घ्यायला? काचेची घेतली.

पिंकी म्हणाली, फुटली तर? म्हटलं, फुटलेली दिसते तरी, विष दिसतं काय? लेक रितेश रोह्याच्या केमिकल कंपनीत शिफ्टला, तो हसला, आम्ही दिवसभर तेच हुंगतो म्हणाला. हुंगा, पोरीला नको. रोज बाटली उकळली, बूच वेगळं, झाकण वेगळं... तरी पोर दूध ओकायची. ओकायची नि मलूल पडायची. डब्यावरचं परत वाचलं. वाचते मी.

परवा आमच्या गडब गावची आशाताई, प्रतिक्षा नाव तिचं, पोरांचं वजन करायला काटा घेऊन आली, बाटली बघून शाब्बास म्हणाली, मी फुगले, नि तिच्यासमोरच दुधासाठी पिंपातलं पाणी उकळायला घेतलं. निळं पिंप, बारशाला पाणी पुरावं म्हणून रितेशने कंपनीतून आणलेलं, गावात कुणाकडे नाय सांगा?

"आजी, ह्या पिंपात आधी काय होतं?"

म्हटलं, उकळते ना मी.

"उकळून जंतू मरतात, आजी. हे नाय मरत."

काय होतं? रितेशला ठाऊक नाय, धुतलेलं मिळालं म्हणतो. लेबल होतं त्याच्यावर, चांगलं हातभर. बारशाला पाव्हणे येणार, बरं दिसेना, म्हणून मीच काथ्या नि राख घेऊन घासून काढलं. न वाचता. उभ्या जन्मात वाचायचं सोडलं ते तेवढंच.

पोर आता पेणच्या दवाखान्यात, डॉक्टर विचारतात, पोटात काय गेलं त्याचं नाव सांगा. कुठून सांगू?

पिंप अंगणात आडवं टाकलं, तर शेजारची बायजा कुंपणावरून म्हणते, "टाकतेस तर मला दे गो. किती स्वच्छ घासलंयस."