तात्यांच्या लॉगिनमधून शुभारंभ

सगळी चूक आसाराम तात्यांची, हे आधीच सांगून टाकतो, कारण राहात्याजवळच्या आमच्या दूध संस्थेत वडीलधाऱ्यांची चूक कुणी बोलून दाखवत नाही, आणि मी तर इंजिनियरिंग अर्धवट सोडून आलेला, मला कसली भीडभाड? पण जावा, म्हणजे आमचा प्रोग्रॅम जिच्यात लिहिलाय ती कॉम्प्युटरची भाषा... तुम्हाला सांगतो, जावाला आपण मानलं बुवा.

नव्व्याण्णव साल. तात्या कॉम्प्युटरप्रमुख. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये फॅटचा पॉइंट गळायचा, सात पॉइंट आठ असलं तरी पडद्यावर सातच. मी तोच क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा तेवढा तुकडा, त्याच नावानं, माझ्या फोल्डरात नव्यानं लिहिला. माझ्या लॉगिनमधून सर्व्हर लावला की पॉइंट हजर. चेअरमन म्हणाले, "सभासदांसमोर चालवून दाखव, तुला कायम करतो." आणि ऐनवेळी काय, तर "शुभारंभ तात्यांच्या हातून हुईल." झालं... नारळ फुटला, तात्यांनी माझं लॉगिन बंद करून स्वतःचं उघडलं, मॉनिटरला उदबत्ती ओवाळली, सर्व्हर लावला, बनुबाईंच्या म्हशीचं दूध तपासलं... सात.

"आरं, माझ्या म्हशीचा पॉइंट कुनी खाल्ला?"

"पोराला जमलं न्हाई," तात्या म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

मग माझ्या डोक्यात आलं, क्लासपाथ. म्हणजे क्लास आधी कुठल्या फोल्डरात शोधायचा ते सांगणारी ओळ, आणि आमच्याकडं ती ज्याच्या त्याच्या लॉगिनची वेगळी. तात्यांच्या ओळीत पहिला फोल्डर तात्यांचाच असणार, दुसरं काय? सर्व्हर उठवला त्यांनी, म्हणून हुकूम त्यांचा. जावानं तिथं डोकावलं, जुना क्लास सापडला, पुढं माझा नवा बसलाय तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. काय ती शिस्त... चिडायचं कुणावर? मानलं बुवा.

"तात्या, उठा, माझ्या लॉगिनमधून लावतो."

"माझ्या हाताला नावं ठेवतो व्हय रं?"

"हाताला नाही, तुमच्या फोल्डरातल्या भंगाराला."

मी तात्यांना खुर्चीवरून उठवलं, सर्व्हर परत लावला, तेच दूध... सात पॉइंट आठ. बनुबाईंनी टाळी वाजवली. वय, मान, उदबत्ती, जावाला कशाचंच देणंघेणं नाही, सांगितलं तिथं बघितलं, मिळालं ते उचललं. मानलं बुवा.

चेअरमन पडद्याकडं बघेचनात. "चारचौघांत तात्यांना उठवलंस?"

प्रोग्रॅम त्यांनी ठेवला. नोकरी माझी गेली.